गाळा बघायला जाताना आधी रस्त्यावरची पाटी वाचा

मागच्या व्हिडिओत भाड्याने गाळा घेताना काय काय बघायचं यावर बोलले होते. त्यात पार्किंगचा मुद्दा मी दोन मिनिटांत उरकला. तेव्हाच मनात आलं होतं की हा विषय एवढा छोटा नाही. म्हणून आज फक्त त्यावरच लिहिते.

निमित्त आमच्या बॅचमधल्या एका ताईंचं. चार वर्षं त्या घरून केक करतात. ऑर्डर इतक्या वाढल्या की घरचा फ्रीज पुरेना, दारात डिलिव्हरीवाल्यांची रांग, सोसायटीवाले कुरकुर करायला लागले. पुण्यात एका मध्यवर्ती पेठेत, मोठ्या रस्त्यावर, त्यांना गाळा मिळत होता. भाडं महिना ३८ हजार, डिपॉझिट दोन लाख. एजंट म्हणाला, "मॅडम, रोडटच आहे, प्राइम लोकेशन. उद्यापर्यंत टोकन द्या, दुसरी पार्टी तयार बसलीये." (ही दुसरी पार्टी प्रत्येक एजंटकडे असते. मी अजून एकदाही तिला बघितलेलं नाही.)

ताईंनी मला फोटो पाठवले. रस्ता मोकळा, गाळ्यासमोर ऐसपैस जागा, दोन स्कूटर आरामात उभ्या. मी विचारलं, "फोटो कधी काढलेत?" तर म्हणाल्या, सोमवारी सकाळी. आता पुणेकरांना वेगळं सांगायला नको, पेठांमधली बरीच दुकानं सोमवारी बंद असतात. सोमवारचा रस्ता बघून गाळा ठरवणं म्हणजे मे महिन्यात नदी बघून काठावर घर बांधणं.

बुधवारी संध्याकाळी साडेसहाला आम्ही दोघी तिथे गेलो. गाळ्याच्या अगदी समोर नो पार्किंगची पाटी. फोटोतही ती होती म्हणे, झाडाच्या फांदीआड. रस्त्यावर वाहनांची रांग, कडेला थांबायची सोय नाही, आणि चौकाकडून गाड्या उचलणारा टेम्पो भोंगा वाजवत येतोय.

ताई जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पण मॅडम, लक्ष्मी रोडवर तरी कुठे पार्किंग आहे? तिथे तर पाय ठेवायला जागा नसते. तिथली दुकानं चालतातच ना?"

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर देताना मला आमच्याच दुकानाची गोष्ट सांगावी लागली.

आमच्याच तीन गाड्या

आमचं दुकान भांड्यांचं. लक्ष्मी रोडला लागून असलेल्या एका गल्लीत, बाबांच्या वडिलांपासूनचं. मी बीबीए करून दुकानात बसायला लागले तेव्हा बाबांचं एक वाक्य रोज कानावर पडायचं: "पार्किंगमुळे धंदा मेला." गिऱ्हाईक कमी आलं की पार्किंग. दिवाळीत विक्री घटली की पार्किंग. ऑनलाइनवाले, मॉल, बदललेली किचन, हे सगळं नंतर.

एकदा एक काकू मुलाबरोबर आल्या. पुतणीच्या लग्नासाठी पितळेची समई, ताम्हण, कळशी, स्टीलचे डबे, मोठी ऑर्डर. सगळं काउंटरवर काढलेलं, पिशव्या भरायला घेतलेल्या, आणि बाहेरून कोणीतरी ओरडलं की गाडी उचलली. मुलगा धावत गेला. काकूही मागे निघाल्या. "येते हं, बाजूला काढून ठेवा." दंड, गाडी सोडवायची धावपळ, पोराची चिडचिड... त्या पुन्हा आल्याच नाहीत. सामान आठवडाभर बाजूला राहिलं, मग परत रॅकवर गेलं.

बाबा दिवसभर टोइंगवाल्यांच्या नावाने बोलत होते. मला मात्र दुसरंच दिसलं. त्या मुलाने गाडी रेषेबाहेर लावली कारण रेषेच्या आत जागा नव्हती. आणि रेषेच्या आत सकाळी दहापासून काय उभं होतं? बाबांची स्कूटर, माझी ॲक्टिव्हा आणि दुकानातल्या काकांची मोटरसायकल. तिन्ही रात्री नऊपर्यंत हलत नव्हत्या.

संध्याकाळी मी बाबांना हिशोब मांडून दाखवला. तुम्हीही मांडून बघा. दुकान सकाळी १० ते रात्री ९, म्हणजे ११ तास, ६६० मिनिटं. गिऱ्हाईक एका जागेवर सरासरी ४० मिनिटं गाडी लावतं असं धरा. म्हणजे एका जागेवर दिवसात १६ गाड्या येऊ शकतात. अर्धा वेळ जागा रिकामी राहिली किंवा शेजाऱ्याच्या गिऱ्हाइकाने घेतली असं धरलं तरी आठ. आमच्या तीन गाड्यांनी रोज २४ गिऱ्हाइकांची जागा अडवली होती. तीही फुकट मिळते म्हणून.

बाबा म्हणाले, "मग आमच्या गाड्या काय डोक्यावर घेऊन बसायचं?"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या गाड्या मंडईजवळच्या आर्यन वाहनतळावर जायला लागल्या. (जुन्या लोकांना तिथलं आर्यन थिएटर आठवत असेल. ते गेलं आणि त्याच जागी हा बहुमजली वाहनतळ झाला.) पाच-सात मिनिटं चालावं लागतं. बाबांनी पहिला आठवडा तोंड फुगवून काढला. गाडी लावण्याचा खर्च दुकानाच्या खात्यावर टाकला, काकांचासुद्धा. गल्लीतल्या बाकीच्यांनी मात्र काही ऐकलं नाही, आणि आमच्या रिकाम्या केलेल्या जागेवर पहिले दोन दिवस शेजारच्या दुकानातल्या पोराची बाइक उभी होती. हे असंच होतं. म्हणूनच एकट्या दुकानदाराने शहाणं होऊन भागत नाही, अख्ख्या गल्लीचं एकमत लागतं. आम्हाला ते जमायला वर्ष गेलं आणि अजूनही पूर्ण जमलेलं नाही.

गिऱ्हाईक कशाने येतं, हे तुम्हाला खरंच माहीत आहे?

बाबांचा दुसरा ठाम समज होता की आपलं चांगलं गिऱ्हाईक कारने येतं. मी बिलिंगच्या वेळी प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली, "कशाने आलात?" लोक हसून सांगायचे. वहीत चार रकाने: चालत किंवा बस, रिक्षा, दुचाकी, कार. महिन्याअखेरीस कारचा रकाना सगळ्यात लहान निघाला. दुचाकी सगळ्यात मोठा, आणि त्याखालोखाल रिक्षा. बाबांना कारवाले लक्षात राहायचे कारण पार्किंगवरून तक्रार तेच करायचे. रिक्षाने आलेली बाई पार्किंगबद्दल कशाला बोलेल?

हा फक्त बाबांचा दोष नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात २००६ मध्ये सस्ट्रान्स या संस्थेने दुकानदारांना विचारलं होतं की तुमचे किती ग्राहक कारने येतात. दुकानदारांचा अंदाज होता ४१ टक्के. प्रत्यक्ष ग्राहकांना विचारलं तर २२ टक्के. जवळजवळ दुप्पट फरक! आपल्याकडे दुचाकी भरपूर, त्यामुळे तिकडचे आकडे इकडे लागू करू नका. पण चूक कशी होते ते सारखंच आहे.

म्हणून माझ्या प्रत्येक बॅचला मी हा वहीचा प्रयोग करायला लावते. एक महिना. फुकट आहे आणि त्यातून जे कळतं ते कुठला कन्सल्टंट सांगणार नाही.

पी-१, पी-२ आणि कॅलेंडर

बाहेरगावचे वाचक विचारतील की हे पी-१, पी-२ काय असतं. पुण्यातल्या अनेक रस्त्यांवर एका बाजूला पी-१ आणि समोर पी-२ अशी पाटी असते. विषम तारखेला एका बाजूला गाडी लावायची, सम तारखेला समोरच्या. म्हणजे तुमच्या दुकानासमोर दिवसाआड पार्किंग आहे.

यात एक गंमत आहे. वर्षातल्या विषम तारखा मोजा: ३१ दिवसांच्या सात महिन्यांत प्रत्येकी १६, तीस दिवसांच्या चार महिन्यांत प्रत्येकी १५, फेब्रुवारीत १४. एकूण १८६. सम तारखा १७९. म्हणजे विषम बाजूच्या दुकानदाराला वर्षाला सात दिवस जास्त. आणि ३१ तारखेनंतर लगेच १ येते, दोन्ही विषम, त्यामुळे तेव्हा सम बाजूवाल्याला सलग दोन दिवस समोर गाडी नाही. महिनाअखेर आणि पगाराचे दिवस! हा काही गाळा नाकारण्याइतका मोठा मुद्दा नाही, पण भाड्याची घासाघीस करताना मालकाला हे सांगून बघा, त्याच्या चेहऱ्याकडे बघण्यासारखं असतं.

खरा मुद्दा वेगळा आहे. ज्या दिवशी पार्किंग समोरच्या बाजूला असतं, त्या दिवशी गिऱ्हाइकाला रस्ता ओलांडून यावं लागतं. दुभाजक असेल, वाहनं वेगात असतील, बरोबर लहान मूल किंवा आजी असेल, तर तो समोरच्याच दुकानात शिरतो. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना एकाच मालाची दुकानं असतील तर गल्ल्यातला फरक तारखेनुसार दिसतो. आमच्या ओळखीच्या एका स्टेशनरीवाल्याने गल्ल्याच्या वहीत तारखांना दोन रंग दिले आहेत.

पाच मिनिटांचं गिऱ्हाईक आणि दोन तासांचं गिऱ्हाईक

आता ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. लक्ष्मी रोड पार्किंगशिवाय का चालतो?

कारण तिथे साडी आहे, सोनं आहे, लग्नाचा बस्ता आहे. बस्ता बांधायला आलेलं कुटुंब तीन-चार तास बाजारात असतं. त्यांना पंधरा मिनिटं लांब गाडी लावून चालायला काही वाटत नाही. येताना तुळशीबागेत जातात, काहीतरी खातात, चालणं हा खरेदीचाच भाग असतो. ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेने पादचारी दिन केला. लक्ष्मी रोडचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग दिवसभर वाहनांना बंद ठेवला आणि लोक रस्त्याच्या मधून निवांत फिरत होते. बाजारात निवांत फिरणाऱ्या माणसाला विकण्याचा धंदा असेल तर गाड्या नसलेला रस्ता उलट फायद्याचा.

पण केक? केक घ्यायला माणूस ऑफिसमधून घरी जाताना येतो. पाच मिनिटांचं काम. स्कूटर बंदसुद्धा करायची नसते त्याला. त्याच्या पाच मिनिटांच्या खरेदीला दहा मिनिटांचं चालणं जोडलं की तो "उद्या बघू" म्हणतो, किंवा घराजवळच्या बेकरीत जातो. आणि हातात क्रीमचा एक किलोचा केक घेऊन गर्दीतून वाहनतळापर्यंत चालून दाखवा मला!

हेच औषधाच्या दुकानाचं, दूध-ब्रेडचं, झेरॉक्सचं, वडापावचं. जितकी खरेदी छोटी आणि पटकन होणारी, तितका नो पार्किंगचा मार जास्त. अर्थात तुमचं गिऱ्हाईक आधीच पायी रस्त्यावर असेल तर गोष्ट वेगळी. कॉलेजच्या दारातल्या वडापाववाल्याला पार्किंगचं काय करायचंय?

जड मालाची तिसरी तऱ्हा, म्हणजे आमच्यासारख्यांची. गिऱ्हाईक लांबून यायला तयार असतं, पण परत जाताना वीस किलो भांडी उचलणार कोण? यावर आम्ही काढलेला मार्ग साधा आहे. गाडी लांब लावा, निवांत बघा, पैसे द्या, सामान संध्याकाळी घरी येईल. ठरावीक रकमेच्या वरच्या बिलाला शहरात पोहोच मोफत. टेम्पोवाल्याचा खर्च निघतो, कारण घाई गेली की माणूस आणखी दोन वस्तू घेतो.

फुकटचं पार्किंग कोणाच्या खिशात जातं

मार्च २०१८ मध्ये पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं. रस्त्यावर गाडी लावायला पैसे. विरोध इतका झाला की आधी फक्त पाच रस्त्यांवर प्रयोग करू असं ठरलं, आणि तेही पुढे कित्येक वर्षं रस्त्यावर उतरलं नाही. आमच्या घरात तेव्हा रोज रात्री जेवताना भांडण. बाबांचं म्हणणं, आधीच गिऱ्हाईक नाही, वर पैसे घेतले तर उरलेलंही जाईल. माझं म्हणणं, फुकट आहे म्हणूनच दिवसभर गाड्या पडून राहतात.

मग मी त्यांना एक जुनी गोष्ट सांगितली. जगातला पहिला पार्किंग मीटर अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत १६ जुलै १९३५ ला बसला. तासाला पाच सेंट. तो सरकारने लोकांना लुटायला बसवला असेल असंच बाबांना वाटलं. प्रत्यक्षात शहराच्या चेंबर ऑफ कॉमर्सने, म्हणजे व्यापाऱ्यांच्याच संघटनेने, कार्ल मगी या पत्रकाराला वाहतुकीच्या प्रश्नावर तोडगा काढायला बसवलं होतं. तक्रार काय होती? बाजारपेठेत काम करणारे लोक सकाळी येऊन दिवसभर गाड्या लावून ठेवतात आणि ग्राहकाला जागाच उरत नाही. म्हणजे आमच्या तीन गाड्यांचीच तक्रार, फक्त १९३५ सालची!

बाबा हसले. मत बदललं असं नाही, पण हसले.

याच विषयावर डोनाल्ड शूप नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने आयुष्यभर काम केलं. त्यांचं सांगणं असं की पार्किंगचा दर एवढाच ठेवा की साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या आणि १५ टक्के रिकाम्या राहतील. म्हणजे सात जागांमागे एक मोकळी. येणाऱ्याला जागा लगेच मिळाली पाहिजे, हा हेतू. दुसरं, जमलेला पैसा त्याच बाजारातल्या फुटपाथवर, दिव्यांवर, सफाईवर खर्च करा. मला हे दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. पैसे घ्यायचे आणि त्याच रस्त्यावर स्वच्छतागृह नाही, फुटपाथ उखडलेला, तर व्यापारी विरोध करणारच, आणि त्यात त्यांचं चुकतही नाही.

मेट्रोने येणारं गिऱ्हाईक

२९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोचा टप्पा सुरू झाला आणि मंडईला स्टेशन झालं. तेव्हापासून आमच्या वहीत पाचवा रकाना आहे. पिंपरी-चिंचवडकडच्या बायका, ज्या पूर्वी "तुमच्या तिकडे गाडी कुठे लावायची" म्हणून टाळायच्या, त्या आता मैत्रिणींबरोबर येतात. त्यांना निघायची घाई नसते. पण त्या हातात मावेल एवढंच घेतात. म्हणून आम्ही दुकानाचा पुढचा भाग बदलला. मोठी पातेली, कढया मागे गेल्या. छोटे डबे, चमचे, पितळेच्या निरांजनी, चहाचे सेट पुढे आले.

एक गोष्ट मात्र नव्या लोकांच्या लक्षात येत नाही: तुमचा माल कुठून उतरणार? ग्राहकाचं पार्किंग सगळे बघतात, टेम्पोचं कोणी बघत नाही. दिल्लीचा चांदनी चौक सप्टेंबर २०२१ मध्ये नवा होऊन खुला झाला. लाल किल्ला ते फत्तेपुरी मशीद या भागात सकाळी ९ ते रात्री ९ मोटार वाहनांना बंदी. चालायला छान, पण माल मग त्या वेळेच्या आधी किंवा नंतरच आणायचा. कोणीतरी पहाटे किंवा रात्री उशिरा शटर उघडायला हजर पाहिजे, त्याचा पगार तुमच्या खर्चात धरा. केकवाल्या ताईंचा कच्चा माल आठवड्याला दोन खेपा, क्रीमचे बॉक्स थंड राहिले पाहिजेत. टेम्पो चौकात उभा करून हमाल शोधायला वेळ नाही.

मग ताईंनी काय केलं

मी त्यांना सांगितलं, टोकन देऊ नका, चार फेऱ्या मारा. एक कामाच्या दिवशी सकाळी, एक दुपारी, एक संध्याकाळी सहा ते आठ, एक रविवारी. प्रत्येक वेळी अर्धा तास गाळ्यासमोर उभं राहून फक्त एवढं मोजा: किती लोक वेग कमी करून थांबायचा प्रयत्न करतात आणि पाटी बघून पुढे जातात. शेजारच्या दुकानात दहा रुपयांची काहीतरी खरेदी करा आणि गप्पा मारा. गाड्या उचलायला किती वेळा येतात, हे त्याला तोंडपाठ असतं.

सोबत हिशोब दिला. भाडं ३८ हजार, महिन्याला २६ दिवस दुकान, म्हणजे दिवसाला साधारण १,४६० रुपये नुसतं भाडं. समजा बिल सरासरी ३०० आणि त्यात सुटतात १२०. मग भाड्यापुरतीच रोज १२-१३ गिऱ्हाइकं हवीत. लाईट, मुलगी, पॅकिंग वेगळं. रोज तीन जण पाटी बघून पुढे गेले तर महिन्याला ७८ गिऱ्हाइकं, म्हणजे ९,३६० रुपये गेले. म्हणजे तो गाळा तुम्हाला ३८ ला नाही, ४७ ला पडतो.

तीन फेऱ्या झाल्यावर ताईंचा फोन आला. गुरुवारच्या संध्याकाळी अर्ध्या तासात अकरा जण थांबता थांबता पुढे गेले होते. सगळेच काही केक घेणारे नव्हते, हे त्यांनाही कळत होतं. पण तिथे उभं असताना त्यांना शेजारच्याच गल्लीत, मुख्य रस्त्यापासून वीस पावलांवर, एक बंद गाळा दिसला. समोर शाळेची लांब भिंत, तिथे पाटी नाही, आठ-दहा दुचाकी सहज मावतात. शाळा सुटायची वेळ दुपारची, केकची गर्दी संध्याकाळची.

"मॅडम, मालक २२ ला तयार आहे. पण आतून अंधार आहे आणि शटर गंजलेलं आहे."

मी विचारलं, कोपऱ्यावर बोर्ड लावू देईल का? मुख्य रस्त्यावरून दिसला पाहिजे.

"ते विचारलंच नाही."

"मग आधी ते विचारा. आणि शटर त्याच्याकडून बदलून मागा."